योग आणि क्षेम

आपल्याकडे दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न पैशाअडक्याचा नसतो. ‘कसं काय, बरं आहे ना?’ असे विचारले जाते आणि वऱ्हाडात त्याला बहुधा ‘बरं हाय’ एवढेच उत्तर मिळते. हा नुसता शिष्टाचार आहे असे म्हणून तो सोडून देता येईल. पण थोडा विचार केला तर ध्यानात येते की, या ‘बरे’ शब्दात फार मोठा हिशेब सामावलेला आहे. घरात कुणी अंथरुणाला खिळलेले नाही, पेरणी साधली आहे, विहिरीला पाणी आहे, मुलीचे शिक्षण चालू आहे, सावकाराचा माणूस दारात उभा नाही आणि उद्या काय होईल या विचाराने रात्र जागून काढावी लागत नाही, इतके सारे त्या एका शब्दात येते. प्रश्न असा की, जे माणूस माणसाला पहिल्याप्रथम विचारतो, ते राज्य आपल्या प्रजेला कधी विचारते काय? आणि विचारले नसेल, तर त्याने ते विचारावे काय?

गेल्या काही वर्षांत जगात हा प्रश्न नव्याने विचारला जाऊ लागला आहे. देशात किती माल निघाला आणि किती पैसा फिरला यावरून देशाचे बरे चालले आहे असे ठरवू नये. लोकांचे आरोग्य, त्यांचा वेळ, त्यांचे शेजारसंबंध, त्यांच्या मनाची स्वस्थता हेच राज्यकारभाराचे खरे माप मानावे, असे म्हणणारे अर्थशास्त्र पुढे आले आहे. भूतानने आपल्या २००८ च्या राज्यघटनेत राष्ट्राच्या सुखाचे ध्येय लिहून ठेवले. वेल्सने २०१५ मध्ये पुढच्या पिढ्यांच्या कल्याणाचा कायदा केला. न्यूझीलंडने २०१९ चा अर्थसंकल्प लोकांच्या स्वास्थ्याच्या नावाने मांडला. यात नवे किती आणि जुने किती हा वेगळा प्रश्न. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत ज्यांनी घालून दिली, त्या सायमन कुझ्नेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटपुढे ठेवलेल्या अहवालात बजावले होते की, या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधता येणार नाही. ज्याने माप घडवले त्यानेच त्याची मर्यादा सांगितली. पण माप हाती आल्यावर बजावणी कोण ध्यानात ठेवतो?

असल्या विचारांची परीक्षा मोठ्या राजधान्यांत करू नये. तेथे सगळेच विचार खरे वाटतात. ती एखाद्या आडबाजूच्या, फार चर्चेत नसलेल्या गावाच्या संदर्भात करावी. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले मेडशी हे असे एक गाव आहे. अकोल्याहून निघालेला रस्ता पातूर मागे टाकून डोंगर चढतो आणि वाशिमच्या पठाराकडे येतो. जुन्या वऱ्हाडात पूर्णेच्या खोऱ्याला पायीनघाट आणि या वरच्या मुलखाला बालाघाट म्हणत. मेडशी हे या बालाघाटाच्या उंबरठ्यावरचे गाव. सोयाबीन, तूर, कापूस ही या पठारावरची पिके आणि त्यांचे सारे भवितव्य मृग कधी बरसतो यावर.

सरकारी कागदात मेडशीचे नाव अलीकडे वारंवार आले ते रस्त्याच्या निमित्ताने. अकोल्याहून वाशिम, हिंगोली, नांदेडवरून तेलंगणातल्या संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ रुंद करण्याचे काम टप्प्याटप्प्याने वाटून दिले गेले. त्यातला एक टप्पा अकोला ते मेडशी आणि पुढचा मेडशी ते वाशिम. म्हणजे विकासाच्या कागदावर मेडशी हे एका कामाचे शेवटचे टोक आणि दुसऱ्या कामाचे पहिले टोक आहे. गाव म्हणून त्याचे काय चालले आहे, याची नोंद त्या कागदात नाही. आणि ती असावी अशी अपेक्षाही कुणी करत नाही.

रस्ता वाईट असे कोण म्हणेल? अडलेली बाळंतीण अकोल्याला वेळेवर पोचते ती रस्त्यामुळेच. वऱ्हाडाला रस्त्यांचा अभिमान वाटावा अशाही गोष्टी घडल्या आहेत. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पुरे करून जागतिक विक्रम झाला. याच वाशिम जिल्ह्यातून नागपूर-मुंबई महामार्ग गेला. त्याची लांबी ७०१ किलोमीटर, तो जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला आणि त्याचे नावच ‘समृद्धी’ आहे. किलोमीटर मोजता येतात, तास आणि मिनिटेही मोजता येतात. परंतु त्या रस्त्याने कोण कोठे आणि कशासाठी गेले, हे मोजले जात नाही. आजारी माणूस दवाखान्यात वेळेवर पोचला काय, किंवा शेतीला कंटाळून तरुण मुलगा पुण्याच्या कारखान्याकडे कायमचा निघून गेला काय, रस्त्याच्या हिशेबात दोन्ही प्रवास सारखेच.

ही चूक आजची नाही. वऱ्हाडाने ती एकदा फार महागात भोगली आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. आगगाडी आली. १८७० मध्ये खामगावचा लोहमार्ग खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. कापसाच्या गाठींच्या आकड्यांवरून पाहिले तर हा प्रांत भरभराटीत होता, आणि कारभाराच्या अहवालांतही तो भरभराटीचाच गणला जाई. त्याच प्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले आणि माणसे अन्नावाचून मेली. गाठी वाढत होत्या हे खरेच होते. खोटे होते ते त्यावरून काढलेले अनुमान. जमीन कापसाखाली जात होती, घरातली ज्वारीची पेवे रिकामी होत होती, आणि या रिकाम्या पेवांसाठी अहवालात रकाना नव्हता. आकडा खोटा नसतानाही तो माणसाला फसवू शकतो, हा धडा वऱ्हाडाच्या इतिहासात असा ठळक लिहिलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर आपण या बाबतीत स्वस्थ बसलो असे मात्र नाही. कोणत्या प्रदेशाला काय मिळाले याचा हिशेब महाराष्ट्राने जितक्या बारकाईने मांडला, तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या राज्याने मांडला असेल. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला न्याय्य वाट्याचे आश्वासन दिले. तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, ग्रामीण वीज, शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास, पशुवैद्यक अशा बाबी घेऊन समितीने प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिला. जो सरासरीच्या खाली, त्याची तूट भरून काढण्यास लागणारा खर्च म्हणजे त्याचा अनुशेष. एकूण अनुशेष निघाला ३,१८६ कोटी ७८ लाख रुपयांचा, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा म्हणून ते १ जुलै १९९८ रोजी वेगळे झाले.

‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून विदर्भाच्या तोंडी बसला. त्याची थोरवी कमी लेखणे हा कृतघ्नपणा होईल. त्या शब्दाने गाऱ्हाण्याला आकड्याचे बळ दिले. जे आजवर ‘आमच्यावर अन्याय होतो’ असे नुसते म्हटले जात होते, ते आता ‘आमचे इतके कोटी येणे आहे’ असे म्हणता येऊ लागले. दयेची याचना हक्काच्या मागणीत बदलली. परंतु या मापाची मर्यादाही ओळखली पाहिजे. अनुशेष हे वाटणीच्या न्यायाचे माप आहे. थोरल्या भावाच्या ताटात काय वाढले आणि माझ्या ताटात काय वाढले, हे ते सांगते. माझे पोट भरले काय, जेवण अंगी लागले काय, हे ते सांगत नाही. सरासरीच उपाशी असेल, तर सरासरीइतके मिळालेला जिल्हा अनुशेषमुक्त होऊनही उपाशीच राहील. शिवाय सिंचनाचा हिशेब बहुधा ‘निर्माण झालेल्या क्षमते’चा होतो. धरण बांधले की क्षमता निर्माण झाली. कालव्याच्या शेवटच्या शेतात पाणी पोचले की नाही, हा पुढचा प्रश्न. क्षमता आणि प्रत्यक्ष ओलित यांतल्या अंतरावरून केवढा वाद पेटला आणि २०१२ मध्ये शासनाला श्वेतपत्रिका काढावी लागली, हे सर्वांना आठवत असेल.

मग उपाय कोणता? नव्या विचाराचे पुरस्कर्ते म्हणतील, ‘लोकांनाच विचारा.’ आयुष्याची शिडी कल्पून तुम्ही शून्यापासून दहापर्यंत कोणत्या पायरीवर उभे आहात असे माणसांना विचारतात, आणि त्यावरून दरवर्षी देशांची क्रमवारी लावतात. २०१२ पासून हे चालू आहे. २०१८ पासून फिनलंड पहिला येतो आणि भारत शंभराच्या पलीकडे असतो. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये ‘आनंद विभाग’ नावाचे खातेच काढले. विचारण्यात गैर काही नाही. जी राज्यसंस्था प्रजेला विचारीत नाही तिच्यापेक्षा विचारणारी बरी. पण मेडशीच्या पारावर जाऊन ही शिडी उभी केली, तर उत्तर काय येईल? ‘बरं हाय.’ आणि हे उत्तर लिहून घेणाऱ्याने त्याचा अर्थ काय लावायचा?

अमर्त्य सेन यांनी या संदर्भात एक दाखला वारंवार दिला आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळ सिंगूर येथे विधुर आणि विधवा यांना त्यांच्या प्रकृतीबद्दल विचारण्यात आले. प्रकृती बरी नाही किंवा बेताची आहे असे सांगणारे विधुर ४८.५ टक्के निघाले. तसे सांगणाऱ्या विधवा केवळ २.५ टक्के. त्या विधवा पुरुषांहून धडधाकट होत्या, असे यावरून कोण म्हणेल? आपल्या प्रकृतीला काही किंमत असते, तिच्याबद्दल तक्रार करायची असते, हेच त्यांना कुणी कधी शिकवले नव्हते. ज्याने आशा सोडली त्याची तक्रारही संपते. म्हणून माणसाच्या समाधानावरून त्याची स्थिती ठरवू गेलो, तर जो सर्वांत अधिक दडपला गेला तोच सर्वांत सुखी ठरण्याचा धोका असतो.

येथे आपल्या परंपरेशी एक गाठ पडते आणि ती नीट सोडवली पाहिजे. संतांनी समाधान हा मोठा गुण मानला. मिळेल त्यात आनंद मानणारा, हाव न धरणारा माणूस आपल्याला आदर्श वाटतो, आणि तो तसा वाटावा हे योग्यच आहे. पण समाधान हा गुण ज्याचा त्याने आपल्यापुरता साधायचा असतो. मी माझ्या भाकरीत समाधान मानले, तर तो माझा विवेक. शेजाऱ्याने माझ्या ताटातली अर्धी भाकरी उचलून ‘तू समाधानी आहेसच’ असे म्हटले, तर तो माझ्या विवेकाचा गैरफायदा होय. राज्यसंस्था जेव्हा प्रजेचे समाधान मोजून ते आपल्या कर्तबगारीच्या खाती जमा धरते, तेव्हा ती नेमके हेच करते. दुष्काळातही हसतमुख राहणाऱ्या वऱ्हाडी माणसाचे हसणे त्याच्या मालकीचे आहे. कुठल्याही सरकारला ते आपल्या अहवालात छापण्याचा अधिकार नाही. आणि राष्ट्राचे सुख म्हणजे नेमके कुणाचे, हाही प्रश्न उरतोच. राष्ट्रीय सुखाचा उद्‌घोष करणाऱ्या भूतानमधून १९९० च्या सुमारास नेपाळी भाषा बोलणाऱ्या लोकांना देश सोडावा लागला आणि नेपाळातल्या छावण्यांत अशी एक लाखाहून अधिक माणसे जमली. त्यांचे दुःख सुखाच्या कोणत्या रकान्यात मांडायचे?

तर एका बाजूला किलोमीटर आणि कोटी यांचा हिशेब अपुरा, आणि दुसऱ्या बाजूला सुखाचा हिशेब फसवा. या दोहोंच्या मध्ये काही आहे काय? मला वाटते, आहे. आणि त्यासाठी शब्दही आपल्याच घरात आहे. तो म्हणजे ‘योगक्षेम’. गीतेच्या नवव्या अध्यायात तो येतो. आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य तेथूनच घेतले आणि मुंबईतल्या आपल्या मुख्य कचेरीलाही तेच नाव दिले. आपण हा जोडशब्द इतक्या सहजपणे वापरतो की, त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत याचा विसर पडतो. भाष्यकारांनी त्यांची फोड स्पष्ट केली आहे: जे नाही ते मिळणे हा योग, आणि जे मिळाले त्याचे रक्षण हे क्षेम. कौटिल्यानेही दंडनीतीची कामे सांगताना न मिळालेले मिळवणे आणि मिळालेले राखणे ही दोन वेगवेगळी सांगितली, आणि मग वाढवणे व योग्य ठिकाणी वाटणे ही त्यांना जोडली.

आपले विकासाचे सारे राजकारण योगाचे आहे. नवा रस्ता, नवे धरण, नवी इमारत, नवा जिल्हा. योगाचे उद्‌घाटन करता येते, त्याची कोनशिला बसवता येते. क्षेमाची कोनशिला नसते. गेल्या वर्षी ज्या विहिरीला पाणी होते तिला यंदाही आहे, आरोग्य केंद्रात डॉक्टर आजही आहे, एका आजारपणाने घर कर्जात बुडाले नाही, या घटना अशा आहेत की त्या घडल्या म्हणजे काहीच घडत नाही. वर्तमानपत्रात त्यांची बातमी येत नाही. परंतु ‘बरं हाय’ या उत्तराला खरेपणा येतो तो यांच्यामुळेच. सुख देणे हे राज्याच्या हाती नाही आणि त्याने ते आपल्या हाती घेऊही नये. पण क्षेम सांभाळणे हे त्याच्या हाती आहे आणि ते त्याचे देणे आहे, असे मला म्हणावयाचे आहे. आणि क्षेम मोजता येते. मन उघडून पाहण्याची त्यासाठी गरज नाही. माणसाला कशाची धास्ती आहे आणि ती धास्ती साधार आहे काय, एवढे पाहिले की पुरे.

असे धोरण आपल्याला अशक्य आहे असेही नाही. महाराष्ट्राने ते एकदा करून दाखवले आहे. वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग झाला. १९७२-७३ च्या दुष्काळात राज्यभर दुष्काळी कामे निघाली आणि मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे त्यांवर होती. त्यातून रोजगार हमीचा कायदा आला. तो १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याचे तत्त्व साधे होते: खेड्यातला जो कुणी अंगमेहनतीचे काम मागेल, त्याला ते राज्याने दिलेच पाहिजे. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसायकर बसवला गेला. यात गैरव्यवहार झाले, हजेरीपटावर खोटी नावे चढली, हे सारे खरे आहे. तरीही या कायद्याने नेमके काय दिले ते पाहा. ज्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि एकही माणूस कामावर आला नाही, त्या वर्षीही तो कायदा आपले काम करीतच होता. मृग कोरडा गेला तरी आपण उपाशी मरणार नाही, ही खात्री तो घरोघर ठेवून होता. ही खात्री म्हणजेच क्षेम. २००५ मध्ये साऱ्या देशाने हेच तत्त्व कायद्यात आणले, ही महाराष्ट्राच्या विचाराला मिळालेली मान्यताच होती.

याहून लहान, पण याच जातीचे दुसरे उदाहरण विदर्भ-मराठवाड्याच्या रस्त्यांवर दिसते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाची व्याप्ती २०११ पासून २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांपर्यंत वाढली आणि त्यातून मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या रंगाच्या एस.टी. बसगाड्या धावू लागल्या. रस्ता आधीही होता, शाळाही होती. पण शाळेच्या वेळेला गाडी नव्हती, आणि संध्याकाळी मुलगी घरी कशी येईल या काळजीने बाप तिची शाळा सातवीला थांबवीत होता. योग झालेला होता, क्षेम नव्हते. एका वेळेवर येणाऱ्या गाडीने ते अंतर तोडले. ती गाडी एक दिवस चुकली तर मात्र ते अंतर पुन्हा उभे राहते. क्षेमाचा हा स्वभावच आहे. ते रोज नव्याने सांभाळावे लागते. २०२३ च्या खरिपात शेतकऱ्याला एक रुपयात पीकविमा मिळू लागला आणि २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली. बनावट अर्जांचे जे कारण दिले गेले ते खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण दोन वर्षे टिकणाऱ्या विम्याला विमा म्हणायचे काय, हा प्रश्न शेतकऱ्याने विचारला तर त्यात त्याचे काय चुकले?

आता या विषयातल्या सर्वांत कठीण जागेकडे वळले पाहिजे. वाशिम हा विदर्भातल्या त्या सहा जिल्ह्यांपैकी एक, ज्यांना शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे साऱ्या देशाने ओळखले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली आणि तिच्यातली निम्म्याहून अधिक रक्कम सिंचन प्रकल्पांसाठी होती. म्हणजे क्षेम तुटले त्यावरही उतारा योगाचाच. आत्महत्या घडली की शासनाची चौकशी होते. मृताच्या वा कुटुंबाच्या नावे जमीन होती काय, बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज थकले होते काय, वसुलीचा तगादा होता काय, हे सारे तपासले जाते. उत्तरे जुळली तर प्रकरण ‘पात्र’ ठरते आणि कुटुंबाला एक लाख रुपये मदत देण्याचे ठरले आहे. नाही जुळली तर ते ‘अपात्र’. जमीन नावावर नसलेली, पण जन्मभर शेतात राबलेली बाई किंवा बिनपरवाना सावकाराकडून पैसा घेतलेला माणूस या कसोटीत सहज गळून जातो.

मदतीला काही कसोटी हवी, हे मी समजू शकतो. कसोट्या लावणारा तलाठी किंवा तहसीलदार निर्दय असतो असेही नाही. पण या चौकशीकडे जरा दूर उभे राहून पाहावे. एका घराचे कर्ज किती, पीक कसे आले, कुणाचा तगादा होता, घरात आजारपण होते काय, मुलीचे लग्न काढले होते काय, अशी बारकाईने केलेली विचारपूस आपल्या राज्यव्यवस्थेत दुसरी कोणती आहे? माणसाचे बरे चालले आहे की नाही याची सर्वांत तपशीलवार पाहणी आपण करतो, आणि ती करतो तो माणूस गेल्यावर. हेच प्रश्न सहा महिने आधी त्याच दारात विचारले गेले असते तर? विचारणारा तोच तलाठी, कागद तोच. फरक एवढाच की, उत्तर देणारा समोर असता. क्षेमाच्या अर्थशास्त्राला काही अर्थ असेल, तर तो या सहा महिन्यांत आहे. शिडीच्या पायऱ्या आणि देशांच्या क्रमवाऱ्या यांपेक्षा हा प्रश्न मला कितीतरी मोलाचा वाटतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. विदर्भातला कार्यकर्ता म्हणेल, ‘आमचा अनुशेष अजून भरलेला नाही. आमच्याकडे मिळालेलेच थोडे, मग राखायचे काय? ही क्षेमाची भाषा पोट भरलेल्या देशांना शोभते. पश्चिम महाराष्ट्राने धरणे बांधून घेतली, आणि आमची पाळी आली तेव्हा तुम्ही आम्हाला मनःस्वास्थ्याच्या गोष्टी सांगता!’ हा आक्षेप मी झटकून टाकू शकत नाही. जेथे राखण्यासारखे काही नाही तेथे क्षेम हा पोकळ शब्द आहे, आणि अनुशेषाची मागणी मागे टाकण्यासाठी कुणी या विचाराचा वापर केला, तर तो विचाराचा द्रोह ठरेल. वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा हा हिशेब मांडणारी एक जागाच नाहीशी झाली. तिची खंत वाटायला हवी. परंतु आक्षेप घेणाऱ्यानेही एक ध्यानात घ्यावे. योग झाला म्हणजे क्षेम आपोआप मागून येते, हे वऱ्हाडाच्या इतिहासाने खरे ठरवलेले नाही. कापसाच्या गाठींनी ते आणले नाही. दोन्ही मागण्या एकदम केल्या पाहिजेत: धरण हवे, आणि शेवटच्या शेतातले पाणीही मोजले पाहिजे. स्वतः दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ मध्ये दारिद्र्याचे माप काढले, ते माणसाला रोज २,२५० कॅलरी अन्न मिळते काय, या प्रश्नापासून. पुढे त्याच अभ्यासकाने जिल्ह्यांचा अनुशेष काढला. माणसाच्या पोटापासून निघालेला विचार जिल्ह्याच्या सरासरीपर्यंत गेला. तो पुन्हा माणसापर्यंत आणणे हे आपले काम आहे.

त्या दिशेने पावले पडलीच नाहीत असेही नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम आखला, त्यात महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम हे जिल्हे घेतले. त्याच्या ४९ निर्देशकांत आरोग्य-पोषण आणि शिक्षण यांना प्रत्येकी ३० टक्के भार आहे, आणि रस्ते-वीज यांसारख्या मूलभूत सोयींना १०. अनुशेषाच्या मापापेक्षा हे माप माणसाच्या नक्कीच जवळ आले आहे. पण त्यालाही स्पर्धेची क्रमवारी जोडली आहे, आणि जेथे क्रमवारी आली तेथे माणसापेक्षा क्रमांक सांभाळण्याचा मोह आला. शिवाय ही सारी मापे जिल्ह्याची. जिल्हा आजारी पडत नाही आणि जिल्ह्याला रात्री जाग येत नाही.

मेडशीसारख्या गावाला कोणती मापे हवीत, हे ठरवायला फार मोठ्या समितीची आवश्यकता नाही. घरात एक मोठे आजारपण आले तर जमीन विकावी लागेल काय? एक पाऊस चुकला तर पुढच्या पेरणीचे बियाणे कुठून येईल? शाळा सुटल्यावर मुलगी दिवसाउजेडी घरी पोचते काय? म्हातारपणी हात पसरावा लागेल काय? या प्रश्नांना ‘बरं हाय’ असे उत्तर देऊन सुटता येत नाही. त्यांचे उत्तर होय किंवा नाही असेच असते, आणि शेजारी ते पडताळून पाहू शकतात. म्हणून ते शिडीपेक्षा अधिक प्रामाणिक आहेत. ते ग्रामसभेत विचारले जावेत, उत्तरे फळ्यावर लिहिली जावीत आणि पुढच्या वर्षी तीच घरे तेथेच आहेत की खाली घसरली, ते गावासमोर वाचले जावे. ज्याने प्रश्न विचारला तो उत्तराला बांधला जातो, ही यातली खरी गोम आहे. राज्यसंस्था असे प्रश्न टाळते, याचे कारण ते मोजता येत नाहीत हे नसून, मोजल्यावर गप्प बसता येत नाही हे आहे.

दोन माणसे भेटल्यावर ‘बरं आहे ना’ असे विचारतात, तेव्हा विचारणाऱ्यावरही एक भार येतो. समोरचा ‘नाही’ म्हणाला तर त्याच्याबरोबर दोन पावले चालावे लागते. म्हणूनच घाईत असलेला माणूस तो प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जातो. मेडशीवरून जाणारा रस्ता आता रुंद झाला आहे आणि त्यावरून वेगाने पुढे जाणे सोपे झाले आहे. या रस्त्याचा ज्याला उपयोग करायचा त्याने जरूर करावा. पण ज्यांनी तो बांधला आणि ज्यांच्या पैशाने तो बांधला गेला, त्या आपण सर्वांनी थांबून उत्तर ऐकण्याची सोयही त्याच हिशेबात धरली पाहिजे. तिचा खर्च रस्त्याच्या मानाने फारच थोडा आहे.